कुरणातली तूट

प्रयोगशाळेतल्या काचपट्टीवर गवताची एक पात होती. आधी काळपट हिरवी आणि मग दोन्ही कडांनी जांभळी. विश्राम परुळेकरने भिंगावरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. पात जांभळीच होती.

"दिसायला छान आहे की," मागून अप्पा देवरुखकर म्हणाले. "पैठणीचा काठ असावा तशी."

"अप्पा, हा रंग उपासमारीचा आहे," जुई वाघधरे म्हणाली.

अप्पा वस्तीचे प्रमुख होते. वस्तीचं सरकारी नाव लांबलचक होतं. तिथले लोक तिला पाताळवाडी म्हणत. चंद्राच्या पोटात लाव्हा वाहून गेल्यावर मागे राहिलेला एक भला मोठा बोगदा होता. वरच्या किरणांपासून आणि दगडांच्या माऱ्यापासून सुरक्षित, म्हणून माणसांनी त्यात घरं केली. बोगद्याच्या मध्यावर मोठी हिरवळ होती. ती होती म्हणून चंद्रधूळ खाली बसायची आणि लोकांच्या छातीत जायची नाही. हिरवळीच्या पलीकडे छोटं कुरण आणि कुरणात पाच गायी, कोकण कपिला जातीच्या, बुटक्या, कमी खाणाऱ्या. वस्तीतल्या मुलांचं सगळं दूध त्या पाच गायींचं. आणि त्या पाचही गायी हेमलताने, विश्रामच्या बायकोने, वाढवलेल्या होत्या. हेमलता वस्तीची पशुवैद्य होती. तिला जाऊन आठ महिने झाले होते.

"आता मला माझ्या भाषेत सांगा," अप्पा स्टुलावर बसले. "पृथ्वीवर उत्तर पाठवायचंय. गायी ठेवायच्या की कापायच्या?"

कापायच्या हा शब्द ऐकून विश्रामने काचपट्टी बाजूला ठेवली.

"गवताला तीन गोष्टी लागतात," तो म्हणाला. "नत्र, स्फुरद आणि पालाश. नत्र हवेत भरपूर. आपण हिरवळीत लसूणघास पेरला. त्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र फुकटात ओढून देतात. कापलेलं गवत आपण उचलत नाही, तिथंच कुजू देतो. गायींचं शेण जातं. पालाश आपल्या मुताऱ्यांमधून जातो."

"ते तर मला पाठ आहे. एक भाग मूत, दहा भाग पाणी. माझ्या घरी पाहुणा उठायला लागला की बायको म्हणायची, असे कसे जाता, कुरणासाठी काही देऊन जा." अप्पा स्वतःच हसले. त्यांची बायको जाऊनही दोन वर्षं होत आली होती. "मग एवढं सगळं ओतून पात जांभळी का?"

"स्फुरदामुळे, म्हणजे फॉस्फरसमुळे. तो हवेत नाही, बनवता येत नाही. बोगद्यात आहे तेवढाच आपला."

"मग तो गेला कुठं? बोगद्याला भोक तर नाही."

"मुलांमध्ये गेला," जुई म्हणाली. ती रसायनतज्ज्ञ होती, विश्रामच्या हाताखाली तयार झालेली. "मूल वाढतं म्हणजे त्याची हाडं वाढतात. हाडांत स्फुरद असतो. तो दुधातून येतो, दूध गवतातून, गवत मातीतून. इथं जन्मलेली सगळी पोरं म्हणजे आपलं कुरणच आहे अप्पा, फक्त ते पळतंय."

"बरं. मग ते परत कसं यायचं?"

विश्रामलाच बोलावं लागलं.

"मेलेल्यांकडून," तो म्हणाला.

तो नियम त्यानेच केला होता. बारा वर्षांपूर्वी वस्तीत पहिलं माणूस गेलं तेव्हा प्रश्न पडला होता, अस्थींचं काय करायचं. इथं नदी नाही, पाणी आहे ते नळातलं. विश्राम सभेत उभा राहिला आणि त्याने सांगितलं, आपण हाडं पृथ्वीवरून आणली आहेत आणि आपल्या मुलांची हाडं ह्या मातीतून बनणार आहेत, तेव्हा आपली हाडं ह्या मातीला द्यावी. लोकांना पटलं. तेव्हापासून रीत पडली. तिसऱ्या दिवशी घरच्यांनी दहनपेटीतून अस्थी सावडायच्या, खलात कुटून भुकटी करायची आणि कुरणातल्या एका वाफ्यात मिसळायची. सावडताना कुणी अधिकारी जवळ नसेल, ही अट विश्रामनेच घातली होती. सावडताना सरकार नको, असं तो म्हणाला होता, आणि त्या वाक्यावर बायका रडल्या होत्या.

"बावीस माणसं गेली," अप्पा म्हणाले. "बावीस वाफे. तेवढ्यात भागायला नको?"

"हिशेबाने भागतं. पण चंद्रमातीत लोखंड फार. ते स्फुरदाला धरून ठेवतं, मुळांना सोडत नाही. मी त्याला लोहबंध म्हणतो. दोन वर्षांच्या अहवालांत तेच लिहिलंय."

"म्हणजे आहे, पण मिळत नाही."

"हो."

"मग गायींचं काही खरं नाही," अप्पा म्हणाले. "खताचं पोतं यानातून येणार नाही. तेवढ्या वजनात ते एक डॉक्टर पाठवतील. कुरणाच्या जागी अळंबीची शेड घाला म्हणतात."

"थांबा ना अप्पा," जुई म्हणाली. "लोहबंध असेल तर तो सोडवता येतो. स्फुरद विरघळवणारे जिवाणू मी मडक्यात वाढवून देते, काही खर्च नाही. पण आधी स्फुरद खरंच आहे का ते पाहू. आपण आजवर मुळांना मिळतो तेवढाच मोजला. मी माती तीव्र आम्लात उकळते. लोखंडाने कितीही घट्ट धरलेला असला तरी सुटेल आणि मोजला जाईल. उद्या दुपारी बावीसही वाफ्यांची माती घेते. प्रत्येकाची वेगळी."

विश्रामचे कान तापले.

"वेगळी कशाला?" तो म्हणाला. "सरसकट एक नमुना घे. वेळ वाचेल."

जुईने त्याच्याकडे पाहिलं. "सर, तुम्हीच शिकवलंत. सरासरी काढली की खड्डा दिसत नाही."

"कर, कर," अप्पा एकदम उठले. त्यांच्या आवाजातली गंमत गेली होती. "वेगळी तर वेगळी. आजच वस्तीत सांगून टाकतो, उद्या दुपारी माती तपासणार म्हणून."

*

हेमलताच्या तिसऱ्या दिवशी विश्राम सावडायच्या खोलीत एकटा बसला होता. वीज वाचावी म्हणून वस्तीची दहनपेटी मंद आचेवर चालत असे. त्यामुळे हाडं पांढरी न होता करडी राहत, त्यांना वास राहत असे, आणि कुठलं हाड कुठलं ते ओळखू येत असे. पृथ्वीवर लाकडांची राख तरी असते. इथं जे हातात येतं ते सगळं माणूसच. ही गोष्ट नियम करताना त्याच्या लक्षात आली नव्हती.

त्याने एक तुकडा खलात ठेवला आणि बत्ता टेकवला. आवाज झाला. नुसता टेकवल्याचा आवाज. त्याच्याने पुढे होईना.

ती रोज गोठ्यात जाताना गूळ न्यायची तो स्टीलचा डबा त्याच्या पिशवीत होता. त्याने अस्थी त्यात भरल्या. मग बोगद्याच्या भिंतीलगत पडलेली करडी दगडभुकटी आणून तांब्या भरला. रंग तोच होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीसमोर त्याने तो तांब्या वाफ्यात रिकामा केला. लोकांनी हात जोडले. त्याला रडू आलं आणि ते रडू खरं होतं. पुढे कितीदा तरी त्याला वाटलं, भुकटी खोटी होती हे एक वेळ चालेल, पण तिच्यावर आपण खरं रडलो ह्याला काय म्हणायचं?

त्याने स्वतःची समजूत घातली होती. एका माणसाच्या हाडांनी असा काय फरक पडतो? बाकीचे एकवीस आहेत. पुढेमागे यानात जागा मिळाली तर हेमाला कर्ली नदीपर्यंत नेऊ, तिच्या माहेराच्या घाटावर. गवत जांभळं व्हायला तर त्याच्या आधीच लागलं होतं, म्हणजे लोहबंधाचं कारण खरंच असणार.

समजूत पटली असती. पण चिमी होती.

चिमी सगळ्यात थोरली गाय. सकाळी गायी हिरवळीवर सोडत, म्हणजे गवत आपोआप आखूड राही. चिमी मात्र चरता चरता घरांकडे वळायची आणि दारात उभी राहायची. लोक कौतुकाने गोग्रास द्यायचे. पोळीचा पहिला घास गायीला, ही रीत चंद्रावरही सुटली नव्हती. काही घरांसमोरून ती पोळी खाऊन पुढे जायची. विश्रामच्या दारातून हलायची नाही. उंबरा चाटायची, आणि मान आत घालून फडताळाच्या दिशेने हुंगायची. फडताळात डबा होता.

"तिला हेमाताईंची आठवण येते हो," शेजारच्या निर्मलाबाई गवाणकर डोळ्याला पदर लावायच्या. "मुकं जनावर, पण माया बघा. माझ्याही दारात येते, हे गेल्यापासून."

विश्राम मान हलवून आत जायचा. हेमलतानेच त्याला एकदा जेवताना सांगितलं होतं, मुरमाड मुलखातली गुरं हाडं चघळतात. शाकाहारी जनावर, पण अंगातला स्फुरद कमी पडला की पडलेलं हाड शोधत फिरतं, दुरून वास काढतं. चिमीला काय आठवतंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि तिच्या भुकेला लोक माया म्हणत होते, तेही त्याच्यासमोर.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा चिमी दारातच होती. त्याने तिला हाकललं. हाताने ढकललं, मग गुडघ्याने. ती हलली, पण चार पावलांवर जाऊन पुन्हा उभी राहिली. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या.

तो आत जाऊन बसला. उद्या बावीस वाफ्यांतून एक रिकामा निघेल आणि तो नियम करणाऱ्याचा असेल. जुई काही बोलणार नाही. ती फक्त पाहील. ह्या विचारापाशी आल्यावर त्याला कळलं की आपल्याला सगळ्यात आधी गायी आठवल्या नाहीत, हेमा आठवली नाही, जुईची नजर आठवली. त्याची त्याला इतकी लाज वाटली की तो उठला आणि फडताळ उघडलं.

खल घरात होताच. ह्या वेळी तो थांबला नाही. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खलाखाली घोंगडी घातली आणि कुटत राहिला. जे प्रेमाने जमलं नव्हतं ते भीतीने जमलं. डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नाही. भुकटी डब्यात भरून झाल्यावर एक मूठ त्याने हेमलताच्या रुमालात बांधली आणि खिशात टाकली. का, ते त्याने स्वतःला विचारलं नाही.

*

बोगद्याच्या छताला सूर्यपट्ट्या होत्या. त्या पूर्ण उजळण्याआधी काही वेळ मंद पहाटउजेड असे, माणूस दिसावा पण चेहरा ओळखू येऊ नये इतका. विश्राम त्या वेळी निघाला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात खुरपं. कुरणाचं फाटक उघडंच होतं. काल कुणीतरी लावायचं विसरलं असेल असं त्याला वाटलं.

हेमलताचा वाफा टोकाला होता. अलीकडे काहीतरी वाकलेलं दिसलं. गाय असेल म्हणून तो जवळून जायला लागला, तर ते उठून उभं राहिलं.

निर्मलाबाई होत्या. त्यांच्या हातात लोणच्याची बरणी होती.

त्यांनी बरणी पदराआड केली.

"चिमी सुटली वाटतं," निर्मलाबाई म्हणाल्या. "बघायला आले होते."

"मीही," विश्राम म्हणाला.

निर्मलाबाईंनी त्याच्या हातातला डबा पाहिला. त्याने त्यांच्या पायाशी उकरलेली माती पाहिली. मग पलीकडे खोकल्याचा आवाज आला आणि दोघांनी एकदम तिकडे मान वळवली. भोईट बंधू होते, उकिडवे बसलेले, मध्ये थर्मास. त्यांच्यापलीकडे शाळेच्या बाई. त्यांच्यापलीकडे आणखी कुणी. उजेड वाढत होता तसतशी कुरणातली माणसं दिसत गेली. प्रत्येक जण खाली वाकलेला, दुसऱ्याकडे पाठ करून, आणि प्रत्येकाजवळ काही ना काही झाकणाचं. पाचही गायी त्यांच्यामधून फिरत होत्या, एकाला हुंगायच्या, मग दुसऱ्याकडे जायच्या.

विश्राम मधोमध उभा राहिला. चिमी ज्या ज्या दारात थांबायची ती सगळी घरं त्याला एकामागून एक आठवली. गवाणकर. भोईट. शाळेच्या बाई. अप्पा. तो गेली दोन वर्षं भिंगातून पात बघत होता आणि गाय रोज त्याच्या डोळ्यांसमोर मोजणी करत होती. मातीत लोहबंध नव्हता. मातीने काहीच धरून ठेवलं नव्हतं. तिला कुणी काही दिलंच नव्हतं आणि त्याने दोन वर्षं तिच्यावर आळ घेतला होता. तो खराही वाटला होता, कारण दुसरं कारण शोधायचं तर लोकांवर संशय घ्यावा लागला असता, आणि हेमा गेल्यावर लोकांवर संशय घ्यायला त्याला तोंड उरलं नव्हतं.

"विश्राम," कुणीतरी हळू हाक मारली. अप्पा होते. गुडघ्यांवर बसलेले, समोर बायकोचा पानाचा डबा. "तूसुद्धा?"

विश्रामने डबा पुढे धरला.

"मेल्या," अप्पा म्हणाले, पण त्यात राग नव्हता. "दोन वर्षं मी तुझ्याकडे वर मान करून बघितलं नाही. वाटायचं, नियम ह्याने केला, हा तरी सरळ वागला असेल. आपण एकटेच चोर."

"नदी असती ना, तर सोडलं असतं हो," निर्मलाबाई कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाल्या. "पाणी घेऊन जातं, मग दिसत नाही. ही माती इथंच राहते. रोज येता-जाता दिसते. आणि वर गाय चरते."

"आम्ही म्हटलं, एकाने काय फरक पडतो," थोरला भोईट म्हणाला.

तेच वाक्य सगळ्यांचं होतं.

सूर्यपट्ट्या उजळल्या. आता लपायला काही नव्हतं, तरी माणसं एकमेकांकडे बघत नव्हती. विश्राम हेमलताच्या वाफ्यापाशी बसला, माती उकरली, दगडभुकटीचा करडा थर तसाच होता, तो बाजूला केला आणि डबा रिकामा केला. चिमी त्याच्या मागे येऊन उभी राहिली. त्याने तिला ह्या वेळी ढकललं नाही. तिने त्याचा हात मनगटापर्यंत चाटला, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. तेव्हा त्याला रडू आलं. वाफ्याकडे बघायचं धाडस झालं नाही म्हणून तो गायीच्या पायांकडे बघत रडला.

उठताना त्याने सवयीने सगळ्या वाफ्यांवरून नजर फिरवली. एकवीस वाफ्यांची माती ओली आणि नुकती उलटलेली होती. फाटकाजवळचा एक वाफाही उलटलेला होता, पण त्याची ढेकळं सुकली होती. दोन-तीन दिवसांपूर्वीचं काम. तो वाफा जुईच्या आईचा होता.

*

दुपारी जुई मातीच्या नळ्या घेऊन आली. उकरलेलं कुरण तिने पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "गायींनी बराच धुडगूस घातलेला दिसतो." सगळ्या वाफ्यांची माती नेली, प्रत्येकाची वेगळी. संध्याकाळी ती परत आली तेव्हा विश्राम आणि अप्पा कुरणाच्या कुंपणाला टेकून उभे होते. गायी आत होत्या.

"स्फुरद आहे," जुई म्हणाली. "बावीसही वाफ्यांत. पाच गायींना आणि मुलांना काही वर्षं चिंता नाही. जिवाणूंचं मडकं उद्या ओतते, महिन्याभरात पात हिरवी दिसेल."

"म्हणजे गायी राहणार," अप्पा म्हणाले. "मग मी वर कळवतो. काय कळवू? आधी नव्हता आणि आता आला?"

"कळवा, मोजायला चूक झाली होती," विश्राम म्हणाला. "माझी चूक म्हणून कळवा. नाव घालून."

अप्पांनी नुसती मान हलवली.

"एक राहिलं, सर," जुई म्हणाली. ती विश्रामकडे बघत नव्हती, गायींकडे बघत होती. "एका माणसामागे जेवढा स्फुरद यायला हवा, त्याहून प्रत्येक वाफ्यात थोडा कमी आहे. फार नाही. पण एकही वाफा सुटलेला नाही. अहवालात कारण द्यावं लागेल. ही तूट कशाची?"

अप्पा आपल्या बुटांकडे बघू लागले. विश्रामचा हात खिशात गेला आणि रुमालाच्या गाठीवर थांबला.

"लोखंडाची," तो म्हणाला. "लोहबंध. थोडं धरून ठेवतं ते."

"किती?"

"मूठभर."

"सगळीकडे सारखंच?"

"सगळीकडे."

जुईने मान डोलावली. चिमी चरत चरत कुंपणापाशी आली होती. तिने विश्रामचा खिसा हुंगला, अप्पांचा हुंगला, मग मान लांब केली आणि जुईच्या पांढऱ्या कोटाचा खिसा चाटायला लागली. जुई मागे सरली नाही.